घंटेला थांबलेला स्टॉपर

सांडोर, वसई
शनिवार, २४ मार्च १९७९

प्रिय बेनेडिक्ट,

तुझं पत्र पोचलं. देवाच्या दयेने इकडे सगळी खुशाल, तूही तिकडे खुशाल असशील. नवऱ्याला पत्रात 'तुम्ही' लिहावं असं आमच्या शाळेतल्या बाई सांगायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या पत्रात मी तसं लिहिलं होतं, तर तू उलट विचारलंस, हे 'तुम्ही' कोण? आपल्या घरच्या बोलीत आईला तू, बाबाला तू, देवालासुद्धा तू. तेव्हा तुला वेगळं काही मिळणार नाही.

पाकिटावरचा नवा पत्ता वाचून मात्र मला हसू आलं. म्हणजे यंदाही तुला लपवलं तर. मार्च आला की कलकत्त्याचे क्लब आपापले खेळाडू कुणाच्या तरी घरात दडवून ठेवतात, का, तर सही होण्याआधी दुसऱ्या क्लबवाल्यांनी उचलून नेऊ नये, हे मी तुझ्या आईला समजावून सांगितलं. तिला ते काही केल्या पटेना. एवढा मोठा बाप्या, एका पोरीचा बाप, आणि परक्याच्या माडीवर पडदे ओढून मासे खात बसलाय. म्हणाली, "लपवाया तो काय सोन्याचा हाय?" मी म्हटलं, "तिकडे हाय, आई." त्यावर ती उठली आणि शेजारी जाऊन सांगून आली.

आता तुझा प्रश्न. क्लबला तुझी आणखी दोन वर्षांची सही हवी आहे, ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. इथे शाळेला जूनपासून खेळाचा मास्तर हवा आहे, त्यांना उत्तर ईस्टरच्या आत. आणि तू काय लिहितोस, तर 'सालू, तू सांगशील तसं करतो.' हे वाक्य मी चुलीपुढे वाचलं, मग विहिरीवर वाचलं, मग परत घरात येऊन वाचलं. तुमच्या खेळात याला क्लिअर करणं म्हणतात ना? अंगावर आलं की लाथ मारायची, आणि चेंडू कुठे पडतो ते दुसऱ्याने बघायचं. या वेळी तो माझ्या अंगणात येऊन पडलाय. उत्तर देईन. पण लगेच नाही. आधी घरच्या बातम्या ऐक.

इझाबेलचे पुढचे दोन्ही दात पडले आहेत, त्यामुळे ती तुझं नाव 'बेनेदित' असं घेते आणि मुद्दाम सारखं घेते. आईचा खोकला गेला. उपवासकाळ चालू आहे म्हणून शुक्रवारी मटण-मच्छी बंद, आणि तिकडे तू माडीवर बसून तिन्ही वेळा मासे खातोस हे मी फादरांना सांगितलेलं नाही. हिलरी माणिकपूरला बँकेत भेटला होता. तुमचा गोलकीपर आता गोलाएवढा रुंद झालाय, उडी मारायची गरजच नाही. तुला सलाम सांगितलाय.

वाडीचं बरं चाललंय. राजेळी केळीचे घड यंदा भरलेत. पंप बसवल्यापासून पाण्याची कटकट नाही, फक्त वीज गेली की आपला गडी काळूराम आकाशाकडे बघून शिव्या घालतो. पाठीमागच्या तुकड्याचंही सांगायचं आहे, पण ते मागाहून.

शाळेचे फादर गुरुवारी घरी आले होते. ओट्यावर बसले, चहा घेतला, आईच्या खोकल्याची चौकशी केली आणि मग मला म्हणाले, "सालोमी, आमची मुलं फार दांडगी आहेत. बेनेडिक्टला ओरडता येतं ना?"

मी म्हटलं, "नाही फादर. ओरडणं त्याला जमत नाही. पण त्याच्या बाजूने कोणी निसटूनही जात नाही."

फादर मोठ्याने हसले. "मग तोच हवा," म्हणाले. जाताना मात्र सांगून गेले, की ईस्टरनंतर ते थांबणार नाहीत, पालघरकडचा एक माणूस तयार आहे.

मी जे बोलले ते खरंच आहे. लग्न झालं तेव्हा मला स्टॉपर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, जो गोल मारतो तो खेळाडू, बाकीचे त्याच्याबरोबर पळायला ठेवलेले. मग रेडिओवर कॉमेंट्री ऐकू लागले. पुढच्या फळीतल्या पोरांची नावं सारखी यायची, तुझं नाव यायचंच नाही. मी रागवायचे. हळूहळू लक्षात आलं की तुझं नाव येतं ते काहीतरी धोक्यात आलं की, किंवा तुझी चूक झाली की. तेव्हापासून नाव आलं नाही की मी निवांत भाकऱ्या थापते. आई विचारते, "बेना खेळतोय ना?" मी सांगते, "चांगला खेळतोय, त्याचं नावच नाही."

तू कलकत्त्याला बोलावून घेतलं होतंस त्या वेळी एकदाच तुला तिथल्या मोठ्या सामन्यात बघितलं. इझाबेल मांडीवर होती. एवढी माणसं मी तोवर फक्त सणाच्या मिरवणुकीत पाहिली होती, आणि इथे ती सगळी ओरडत होती. त्या दुसऱ्या क्लबचा बुटका पोरगा चेंडू घेऊन तुझ्याकडे आला. सगळे उभे राहिले. मला वाटलं, आता तू अंगावर जाशील, त्याला पाडशील. तू काहीच केलं नाहीस. नुसता मागे मागे सरत राहिलास, त्याच्याकडे बघत. तो डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे की उजवीकडे. सरता सरता तो कोपऱ्यात गेला आणि चेंडू आपोआप बाहेर. शेजारचा म्हातारा बंगालीत काहीतरी बोलला आणि त्याने इझाबेलच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी मला तुझं काम कळलं. घरातही तू असाच आहेस, भांडण घेऊन कोणी आलं की मागे मागे सरत त्याला कोपऱ्यात नेतोस. माझ्याशी भांडताना हे करू नकोस, माझी चिडचिड होते.

गुडघा बरा आहे असं लिहितोस. नाताळला मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्या तू आडवा उतरलास, खेकड्यासारखा, आणि मला म्हणालास की नवे बूट चावतात. ते बूट जुने होते. मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

इझाबेलला झोप आली आहे, उरलेलं उद्या.

रविवार, दुपार

मिस्साहून आत्ताच आलो. आज एक गंमत झाली. आपल्या चर्चमध्ये नवे छोटे फादर आलेत, मंगळूरकडचे. माझा बाबा पापडीहून इझाबेलला भेटायला आला होता. मिस्सा संपल्यावर त्याने त्या बिचाऱ्यांना उन्हात धरलं आणि तुझी घंटेची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू ती मांडवात ऐकलीस, बारशाला ऐकलीस, तुझ्या बाबाच्या मयतीला आलेल्या माणसांनीही ऐकली. तरी आज त्याने कशी सांगितली ते लिहिते, कारण मला त्याच्यावरूनच पुढचं बोलायचं आहे.

"फादर," बाबा म्हणाला, "मी साफ सांगितलेलं, फुटबॉलवाल्याला पोर देनार नाय. पाय मोडला की घरात बसून खानार. पोरगी रडली, तिची आय रडली, मी ऐकलं नाय."

हे खरं आहे. मी रडले होते, आणि माझ्या आईला रडायला मीच लावलं होतं.

मग मुंबईला कूपरेजच्या मैदानावरचा तो फायनल. सांडोरचा पोर कंपनीच्या टीममधून खेळतोय म्हणून गावाने ट्रक केला होता. बाबा खेळ बघायला नव्हता आला, तेव्हाचे मोठे फादर आले म्हणून आला होता. बरोबरी चालू, सामना संपायला आलेला. समोरचा गडी चेंडू घेऊन सुटला. नेमकी त्याच वेळी मैदानाजवळच्या चर्चची सांजेची घंटा वाजली. आपल्याकडे सांजेची घंटा झाली की कोयता हातात असला तरी माणूस थांबतो, डोक्यावरची टोपी काढतो, देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणतो. आणि बाबाने काय बघितलं? एवढ्या मोठ्या मैदानात बाकीचे सगळे पळताहेत, आणि सांडोरचा बेनेडिक्ट एकटा उभा राहिलाय. डोळे आकाशाकडे. उजवा हात वर. मग तो हात कपाळाला लागला, छातीकडे आला. तोवर गोल झाला होता.

"गोल गेला, फादर, कप गेला," बाबाने छोट्या फादरांना सांगितलं, "पन घंटा चुकवली नाय त्याने."

ट्रक परत आला तेव्हा गावची पोरं तोंडं पाडून बसली होती आणि माझा बाबा एकटा खुशीत माळ म्हणत होता. पुढच्याच रविवारी तो तुझ्या घरी गेला. कंपनीच्या साहेबाने तुला कितीतरी सामने बाहेर बसवलं, मुंबईचे पेपर तुला हसले, आणि मला नवरा मिळाला.

छोटे फादर अगदी भारावले. इझाबेलचा गाल ओढून म्हणाले, "तुझे पप्पा मोठे भक्तिमान आहेत." इझाबेल म्हणाली, "पप्पा चर्चमध्ये झोपतात."

आता ऐक, बेनेडिक्ट. हे मी तुला आजवर कधी सांगितलं नाही. त्या घंटेचं खरं काय ते मला आपल्या लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे.

हिलरीने सांगितलं. मांडवात बँड थांबला होता, तू पाहुण्यांना पोचवायला गेला होतास, आणि हिलरी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला. बराच प्यायलेला होता. बाबा पलीकडे कुणाला तरी तीच गोष्ट सांगत होता. हिलरी हसायला लागला ते थांबेचना. मला म्हणाला, "कसली घंटा गो सालू! तो गडी ऑफसाइड होता. हा हात वर करून पंचाकडे ऑफसाइड मागत उभा राहिला, आणि पंचाने शिट्टी मारलीच नाय. मग घाम पुसला कपाळाचा. मी मागे गोलात उभा होतो. त्याच्या तोंडात त्या टायमाला जे शब्द होते ना, ते कुठल्या प्रार्थनेत नाय."

मी अंगावर नवी साडी आणि डोक्यावर फुलं घेऊन बसले होते. मला काय वाटलं असेल? मला हसू आलं. इतकं हसू आलं की आत्याला वाटलं मला भोवळ आली, तिने पाणी आणलं. मग मी हिलरीला सांगितलं, "हे पुन्हा कुणाजवळ बोललास तर तुझ्या लग्नात मी तुझं काय काय सांगेन ते बघ." तो पुन्हा बोलला नाही. मीही नाही. माझ्या बाबाचा त्या गोष्टीवर इतका जीव आहे की ती खोटी ठरवायचा मला हक्क नाही, आणि घंटा तर खरोखरच वाजली होती. कुणी खोटं बोललं नाही. तूही नाही. तू फक्त गप्प बसलास.

त्याबद्दल मला तक्रार नाही. पण तुझं हे वाक्य वाचलं, 'तू सांगशील तसं', आणि मला तो मैदानातला हात आठवला. तू हात वर करून उभा राहतोस आणि दुसऱ्याच्या शिट्टीची वाट बघतोस. तेव्हा पंचाने मारली नाही म्हणून बाबाने मारली. नंतर कलकत्त्याच्या माणसाने येऊन तुला नेलं, तू गेलास. आता मी मारायची.

तर तुझं गुपित मी इतकी वर्षं सांभाळलं आहे. आता माझं एक आहे. ते आज लिहिणार होते, पण बाबाला जेवायला वाढायचं आहे. आणि खरं सांगायचं तर जरा धीर गोळा करते आहे.

मंगळवार

काल दिवसभर भाजीची तोडणी होती, हातात पेन धरवत नव्हतं. आज सरळ सांगते.

पाठीमागचा तुकडा. जिथे तू आणि हिलरी लहानपणापासून खेळलात, जिथे तुझ्या बाबाने तुम्हाला सुरूचे दोन खांब पुरून, वर आडवा बांबू बांधून गोल करून दिला होता. तू घरी आलास की सकाळी तिथे जातोस, चेंडू भिंतीवर मारतोस, आणि तो आवाज ऐकला की आईला समजतं की मुलगा घरी आहे. वर्षाचे बाकीचे महिने तिथे गवत वाढतं आणि शेजाऱ्यांच्या शेळ्या चरतात.

तिथे मी तोंडली लावली आहे.

नाताळनंतर तू गेलास, आणि जानेवारीत एका सकाळी मी तिथे उभी होते. पाणी शेजारून जात होतं, माती काळी, ऊन चांगलं. मी पापडीला माहेरी गेले, बाबाच्या मांडवावरच्या जुन्या वेलांचे तुकडे आणले. काळूराम तुझे खांब उपटायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे, मांडवाला लागतील. तर तुझ्या गोलाचाच पुढे मांडव वाढवला आहे. वेल आडव्या बांबूवर पोचले. इझाबेल म्हणते की आता तिथे कोणी गोल मारू शकत नाही, पप्पांना बरं वाटेल.

खांब रोवताना काळूरामने मला विचारलं होतं, "शेटला इचारलं काय?"

मी म्हटलं, "शेट मीच."

तोंडातून निघून गेलं. काळूराम मान हलवून पुढच्या खड्ड्याकडे गेला, त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण मला आनंद झाला, बेनेडिक्ट. दिवसभर काम करताना मधेच ते शब्द आठवायचे आणि पुन्हा आनंद व्हायचा.

तुझा बाबा गेला तेव्हा मला वाडीतलं काही येत नव्हतं. फुटबॉलचा सीझन चालू होता, तू आलास, मातीला हजर राहिलास आणि परत गेलास. तू जाणारच होतास, मी तुला थांब म्हटलं नाही. मग मी एकेक शिकले. चुकले, केळी पडली, पाणी जास्त झालं, एक वर्ष वांग्यांना कीड लागली. आता वसई रोड स्टेशनवर टोपल्या उतरल्या की व्यापारी म्हणतात, "सालूबायचा माल आधी बघा." मिस्सा झाल्यावर बायका मला विचारतात, "कशी गो दिवस काढतेस, नवरा तिकडे परमुलखात?" मी तोंड जरा बारीक करते, नाहीतर त्यांचा हिरमोड होईल. पण मी दिवस काढत नव्हते. माझे दिवस चांगले जात होते. तू नसताना मी सुखात होते, हेच ते माझं गुपित. ते तुला सांगायला मला तोंडलीपेक्षा जास्त भीती वाटत होती.

म्हणून तुझ्या प्रश्नाला उत्तर देणं मला सोपं गेलं नाही. दुसरी कोणी असती तर लगेच लिहिलं असतं, 'घरी या.' मी विचार करत बसले की तू कायमचा आलास तर काय होईल. सकाळी शाळा, दुपारी तू घरी. वाडीत येशील. म्हणशील, इथे हे का लावलंस, तिथे ते का नाही. लोक भाजीचा भाव तुला विचारायला लागतील, मी बाजूला उभी. आणि आपण दोघं? लग्नाला नऊ वर्षं झाली, पण एका घरात सलग कधी राहिलोच नाही. तू येतोस तेव्हा घरात सण असतो. नवी चादर, चांगलं जेवण, इझाबेलला शाळेला दांडी. भांडायला आपल्याला सवडच मिळाली नाही. तू घोरतोस का, हेदेखील मला नीट माहीत नाही. घोरत असशील तर त्या दिवसांत मी ते कौतुकाने ऐकत असेन.

काल भाजी बांधून झाल्यावर मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "आई, तो कायमचा घरी आला तर कसं व्हईल?"

आईने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "रोज घरात असलेला बाप्या काय असते ते मना इचार. तुझ्या सासऱ्याचं रोज एक भांडान. आज मिठावरून, उद्या मिठागरावरून. मी म्हनायची, याला कलकत्त्याला कोन नेत का नाय?" मग ती हसली. "पन तो गेला ना पोरी, तवा मना एक पन सन आठवला नाय. सांजेला पानी बंद करून यायचा, पाय धुवायचा, दारात बसायचा, आनि म्हनायचा, 'पानी दे.' तेवडंच आठवते. ते 'पानी दे.'"

तिने पुन्हा सूप घेतलं. मी तिथेच बसून राहिले. तुझा बाबा दारात बसायचा ते मीही पाहिलं आहे, आणि ती पाणी देताना काहीतरी टोचून बोलायची तेही ऐकलं आहे. पण तिच्याकडे त्याची केवढी मोठी ठेव आहे ते मला काल दिसलं. माझ्याकडे तुझं तसलं काही नाही. माझ्याकडे नाताळ आहेत, स्टेशनवरचे निरोप आहेत, रेडिओ आहे. उद्या तुला किंवा मला काही झालं तर मी काय आठवू? तुझं नाव आलं नाही म्हणून भाकऱ्या थापत होते, ते?

तर हे माझं उत्तर. सही करू नकोस.

गुडघ्यासाठी सांगत नाही. शाळेसाठी नाही, इझाबेलसाठीही नाही, जरी ती खूश होईल. मला हवं आहे म्हणून सांगते. पण तुझ्या मनात अजून दोन वर्षं खेळायचं असेल तर खेळ. मी रुसणार नाही, माझं इथे बरं चाललं आहे हे आता तुला कळलंच आहे. फक्त तसं तुझ्या हाताने लिही की मला खेळायचं आहे. आणि यायचं असेल तर शाळेच्या फादरांना तूच कळव. सालूने सांगितलं म्हणून आलो, हे मी या घरात कधी ऐकून घेणार नाही.

आलास तर वाडी माझ्याकडे राहील. तू मदत कर, मी सांगेन तिथे पाणी लाव, पण भाव विचारायला कोणी आलं तर तू म्हणायचंस, सालोमीला विचारा. तोंडली जागची हलणार नाही. चेंडू चर्चच्या मैदानावर खेळव, तिथे तुला गावभरची पोरं मिळतील. बाबाला घंटेचं सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझं म्हणशील तर त्याच्या वयाकडे बघून राहू दे. भांडण झालं तर मागे मागे सरायचं नाही, समोर उभं राहून भांडायचं.

सणाचा तू मला पुष्कळ मिळालास. आता रोजचा हवास. दारात बसून पाणी मागशील तेव्हा माझे हात मोकळे असले तर देईन. नसले तर उठून घे, आणि एक तांब्या मलाही आण.

आणखी एकच. माझी जुनी पत्रं तुझ्याजवळ असतील तर काढून बघ. सगळ्या बायका लिहितात तसं 'तुझी वाट बघते' हे मी तुला एकदाही लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे. बघत नव्हते, आणि खोटं लिहवत नव्हतं.

आज लिहिते.

तुझी वाट बघणारी,
सालोमी